एकोणीस घरं, जुन्या आवृत्तीतली

धम्मरत्न मुनेश्वर आजवर एकदाही विमानात बसलेला नाही. तरी यवतमाळच्या धावपट्टीवरून उडून आर्णीवर यायला किती वेळ लागतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. एका पंख्याच्या लहान विमानानं तेरा मिनिटं. वारा समोरून असला तर पंधरा.

धम्मरत्न तिशीला आलेला, उंचीनं बेताचा, बोलायला कमी. तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, पुण्यात आठ महिने नोकरी केली आणि परत आला. आता तहसीलसमोर त्याचं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या जातीचे दाखले आणि पीकविम्याचे अर्ज, आणि संध्याकाळी घरी कॉम्प्युटरवर विमान. नव्यानं ओळख झालेला माणूस हसतो. धम्मरत्नही हसतो आणि विषय बदलतो.

विमानाचं वेड हे निमित्त. खरी गोष्ट वस्तीची.

आर्णीत मोठ्या रस्त्याला लागून त्यांची जुनी वस्ती होती. एकोणीस घरं आणि एक छोटं विहार. त्यातली चौदा घरं आणि ते विहार धम्मरत्नच्या वडिलांनी, उकंडा गवंड्यानं बांधलेलं. विहाराच्या कामाला त्यांनी मजुरी घेतली नव्हती. लोक दिवसा कामावर जात आणि सुटी मिळेल तेव्हा विटा वाहत. चार वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला. सगळ्यांना मागे जागा मिळाली, नवं विहारही झालं, जुन्यापेक्षा मोठं, संगमरवरी. पण जेसीबी आला त्या दिवशी उकंडा सकाळच्या गाडीनं घाटंजीला बहिणीकडे निघून गेले आणि सगळं सपाट झाल्यावर तिसऱ्या दिवशी परतले. पडताना काही बघितलं नाही, आणि त्याबद्दल कधी बोललेही नाहीत.

त्या हिवाळ्यात धम्मरत्ननं वस्ती पुन्हा बांधायला घेतली. कॉम्प्युटरमध्ये.

विमानाच्या त्या सिम्युलेटरमध्ये सगळ्या पृथ्वीची जमीन इंटरनेटवरून येते. मूळ खेळात नसलेली इमारत, पूल, झाड कोणालाही बनवून त्यात जोडता येतं. अशा बाहेरून जोडलेल्या वस्तूला ॲड-ऑन म्हणतात. धम्मरत्नला वस्तीचा ॲड-ऑन करायचा होता, पण मापं कुठून आणायची? लग्नाच्या फोटोंत भिंती अर्ध्याच दिसत होत्या. शेवटी त्यानं वडिलांना विचारलं. उकंडांनी खाटेवर बसून डोळे मिटले आणि सांगत गेले. विहाराचं जोतं अडीच हात. दार पावणेतीन हात रुंद, कारण चौकट दुसऱ्या कामावरची उरलेली. शेजारच्या इंदूबाईच्या घराची मागची भिंत चार बोटं वाकडी, कारण पाया खणताना निंबाचं मूळ लागलं आणि तिनं झाड तोडू दिलं नाही. बाप सांगायचा आणि मुलगा तिथल्या तिथे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचा. सगळा हिवाळा असा गेला. दोघं आयुष्यात इतकं कधी बोलले नव्हते.

दीपा, धम्मरत्नची बायको, चहा ठेवता ठेवता म्हणायची, "जमिनीवरच्या घराले अजून पिलास्टर नाई, अन् तुमी हवेतलं रंगवून राह्यले."

पुढच्या वर्षी उकंडांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही. चार-पाच शब्द तेवढे शिल्लक राहिले. पाणी, हो, नाई, आणि मुलाला हाक मारायचं रतन. एका संध्याकाळी धम्मरत्ननं त्यांना खुर्चीत बसवून पडद्यावर विमान उडवून दाखवलं. तेरा मिनिटांनी अरुणावती नदीचं पात्र आलं, मग रस्ता, मग विहारावरचा पंचशील झेंडा. उकंडा पुढे वाकले आणि स्पष्ट म्हणाले, "आलं."

हा शब्द त्यांच्या चार-पाचांत नव्हता.

तेव्हापासून रोज साडेपाचला ही फेरी ठरलेली. जमीर, धम्मरत्नचा शाळेपासूनचा दोस्त, बसस्टँडमागे त्याचं मोटरसायकलचं गॅरेज. त्यानं जुन्या स्कूटरची ॲक्सिलेटरची मूठ एका फळीवर बसवली, आत तारा जोडल्या आणि ती डाव्या हाताला येईल अशी खुर्चीला ठोकून दिली. "काका, आता तुमीच पायलट," तो म्हणाला. "फकस्त ट्रिपल सीट नका घेऊ." उकंडांनी मूठ पिळली की विमानाचा वेग वाढे. वळवणं आणि उतरवणं धम्मरत्न करी. दोन वर्षांत फेरी क्वचितच चुकली असेल, आणि दर फेरीला तो शब्द आला.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला सिम्युलेटरच्या कंपनीनं जाहीर केलं की नवी आवृत्ती येते आहे आणि महिन्याभरात जुन्या आवृत्तीची इंटरनेटवरून येणारी जमीन बंद होईल. म्हणजे जुनं विमान उडेल, पण खाली नुसतं हिरवं पटांगण दिसेल. सोबत एक वाक्य होतं. बहुतेक सगळे जुने ॲड-ऑन नव्यात चालतील.

त्या 'बहुतेक'वर धम्मरत्नचा जीव टांगला गेला. जगभरचे शौकीन नव्या ढगांच्या, नव्या कॉकपिटच्या, नव्या सावल्यांच्या गप्पा मारत होते. कोणीतरी याद्या करायला घेतल्या. चालणारे ॲड-ऑन हिरव्या रंगात, दुरुस्तीनं चालणारे पिवळ्या, न चालणारे लाल. धम्मरत्न दुकानात अर्जांच्या मधल्या वेळात त्या याद्या खालपर्यंत बघायचा. त्यात मोठमोठे विमानतळ होते, नावाजलेली विमानं होती. आर्णीची वस्ती कोण तपासणार? ती एकूण त्रेचाळीस जणांनी उतरवून घेतली होती. एकानं शेरा लिहिला होता, झाडं छान आहेत.

शेवटी त्यानं स्वतःच तिथे विचारलं. दुसऱ्या दिवशी एका जाणत्या माणसाचं उत्तर आलं. नव्या आवृत्तीत जमिनीची उंची बदलली आहे, पण घाबरू नका. तुमचा मूळ प्रोजेक्ट नव्या साधनात उघडा, उंची नीट करा, पुन्हा बांधा. दहा मिनिटांचं काम.

धम्मरत्ननं ते दोनदा वाचलं आणि मोबाईल उलटा ठेवला. समोर उभी असलेली बाई विचारत होती की फोटो चालेल का, जुना आहे. तो हो म्हणाला.

मूळ प्रोजेक्ट त्यानं पुसला होता. त्यालाही दोन वर्षं होत आली होती. डिस्क भरली होती आणि काहीतरी काढायलाच हवं होतं. ॲड-ऑन बनवताना दोन गोष्टी असतात. एक प्रोजेक्ट, ज्यात मापं, रेघा, रंग सुटे सुटे असतात, आणि दुसरं त्यापासून तयार झालेलं गाठोडं, जे सिम्युलेटर वाचतो. कॉलेजात शिकलेला कोणीही सांगेल की प्रोजेक्ट जपायचा असतो. धम्मरत्नलाही ते शिकवलेलं होतं. पण त्याआधी, सुट्ट्यांत बापाच्या हाताखाली काम करताना, तो दुसरं काही शिकला होता. स्लॅब टाकला, एकवीस दिवस पाणी मारलं, की खालच्या फळ्या न् बल्ल्या काढायच्या. सेंट्रिंग कोणी घरात ठेवत नाही. वस्ती पडद्यावर घट्ट उभी होती, झेंडासुद्धा हलत होता. त्यानं सेंट्रिंग काढलं. डिलीट करताना त्याला बरंच वाटलं होतं, काम पुरं झाल्यासारखं.

जमीरला सांगितलं तेव्हा तो स्पॅनर पुसत राहिला. "डुप्लिकेट चाबी न ठेवता लॉक बसवलं का बे तू?" मग स्पॅनर खाली ठेवून म्हणाला, "काकाले सांगतलं?"

नव्हतं सांगितलं. तयार गाठोडं उलट उकलणारी साधनं मिळतात, धम्मरत्ननं दोन वापरून पाहिली. बाहेर आला तो ढिगारा. भिंतींचे हजारो त्रिकोण, कोणती भिंत कोणाची ते कळेना, आणि मापं कुठेच नाहीत. जेसीबी गेल्यावर असाच ढीग होता, त्यातून उकंडांनी फक्त विहाराच्या दाराची कडी उचलून आणली होती.

मापं पुन्हा विचारायची, तर सांगणारा माणूस आता पाणी आणि नाई यांच्या पलीकडे बोलत नव्हता.

राहिलं होतं ते 'बहुतेक'. धम्मरत्ननं त्यावरच भार टाकला. कदाचित उंची थोडीच बदलली असेल. कदाचित घरं वीतभर जमिनीत जातील, वरून कोणाला दिसणार? दीपानं शहाणपणाचं सांगितलं, "आधी तुमी एकटे पाहा. बाबांले मंग बसवा." त्यालाही ते पटलं होतं. पण नवी आवृत्ती उतरायला दीड दिवस लागला, मधे एकदा वीज गेली, आणि ती चढून तयार झाली तेव्हा सव्वापाच झाले होते. उकंडा स्वच्छ सदरा घालून, भिंत धरत धरत खुर्चीत येऊन बसलेले, डावा हात मुठीवर. दोन दिवस फेरी झाली नव्हती. त्यांना उठवायचा धीर धम्मरत्नला झाला नाही.

जमीर मगरिबच्या नमाजाआधी जाईन म्हणत दारात उभा राहिला.

विमान उडालं. नव्या आवृत्तीतले ढग खरोखरच सुंदर होते, खाली कपाशीच्या वावरांच्या कडाही स्पष्ट दिसत होत्या. अरुणावती आली. धम्मरत्ननं विमान खाली घेतलं. आणि त्याला पहिल्यांदा दिसला तो रस्ता.

नव्या आवृत्तीत जमिनीचे फोटोही नवे होते. जुन्या फोटोत वस्तीखाली मातीची गल्ली होती, आता तिथे चौपदरी डांबर होतं, मधे दुभाजक. आणि त्या डांबरावर वस्ती उभी होती. सगळी. एकोणीस घरं, निंब, विहार. भिंती अर्धा-एक हात वर तरंगत होत्या. सिम्युलेटर रस्त्यावर आपोआप गाड्या सोडतो, तो आताही सोडत होता. एक ट्रक इंदूबाईच्या मागच्या भिंतीतून आत शिरला आणि पुढच्या दारातून बाहेर आला. त्यामागे बस. मग टँकर आला आणि विहारातून आरपार गेला. झेंडा हलत होता तसाच हलत राहिला.

उकंडा 'आलं' म्हणाले नाहीत.

धम्मरत्ननं विमान वर उचलायला घेतलं. उकंडांनी मूठ सोडली. वेग पडला, विमान खाली खाली येत गेलं, आणि ते आदळू नये म्हणून धम्मरत्नला त्याच रस्त्यावर टेकवावं लागलं. विहारासमोर थांबलं. विमानाच्या दोन्ही बाजूंनी गाड्या भिंतींतून जात-येत होत्या. त्या दिवशी घाटंजीला जाऊन जे पाहायचं टाळलं, ते उकंडा आता खुर्चीत बसून पाहत होते.

"काका, नवीन गाडी हाय," जमीर दारातून म्हणाला, "थोडी टुनिंग लागन."

उकंडांनी डावा हात उचलून पडद्याकडे बोट केलं. ओठ बराच वेळ जुळत राहिले.

"काढ."

"बाबा, मी करतो दुरुस्त. दोन-चार दिवस द्या मले."

"रतन. काढ."

पंचेचाळीस वर्षं ज्यानं दुसऱ्याच्या बांधकामातलीही वाकडी वीट राहू दिली नाही, त्याला धम्मरत्न काय समजावणार होता? त्यानं खेळ बंद केला, वस्तीचा फोल्डर जोडणीतून काढला आणि खेळ पुन्हा सुरू करून विमान त्याच जागी आणलं. दीपा ओट्याशी उभी राहून बघत होती, हातातली पोळी तशीच. पडद्यावर रस्ता उरला. सरळ, रिकामा, चांगला बांधलेला रस्ता. उकंडांनी तो पाहिला आणि खाटेवर न्या अशी खूण केली. जमीर कधी गेला ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ते खुर्चीकडे आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. स्कूटरची मूठ दीपानं पुसून ठेवली.

चौथ्या दिवशी धम्मरत्ननं नवा, कोरा प्रोजेक्ट उघडला आणि बापाच्या थैलीतला मापाचा टेप घेऊन खाटेशी बसला. विहाराचं जोतं अडीच हात होतं, एवढं त्याला पाठ होतं. दाराचं आणि इंदूबाईच्या भिंतीचंही. बाकी काही नाही.

"बाबा," तो म्हणाला, "आपल्या घराचा ओटा किती उंच होता? हातानं दाखवा."

उकंडांनी त्याच्याकडे पाहिलं. मग डावा हात खाटेवरून खाली नेला आणि जमिनीपासून वर धरला. धम्मरत्ननं टेप लावला. एकवीस इंच. त्यानं पुन्हा दाखवायला सांगितलं. सतरा. तिसऱ्यांदा हात थोडा उचलला गेला आणि परत पोटावर येऊन पडला. उकंडांनी भिंतीकडे तोंड केलं.

धम्मरत्ननं टेप सोडला. तो खटकन आत गेला. आकड्यांच्या चौकटीत त्यानं काहीच भरलं नाही.