रफ पीठ आणि गोजरबाईचा खोकला

भोकरदनच्या बाजारगल्लीत कचरूची पिठाची गिरणी आहे. 'रफ' हा इंग्रजी शब्द त्याच्याकडे गिरणीचे दगड विकणाऱ्या माणसाबरोबर आला आणि माणूस गेल्यावरही राहिला. जाड दळलेलं पीठ रफ. जालन्याचा रस्ता रफ. गिरणीत घालायचा सदरा रफ. मेहुण्याचं बोलणं तर बिलकुल रफ. पडत्या पिठाची चिमूट अंगठ्याखाली फिरवायची आणि पीठ जाड असलं तर दगड जवळ आणणारं चाक आवळायचं, नाहीतर सैल सोडायचं, एवढीच कचरूची गावात ओळख होती.

मागच्या उन्हाळ्यात साखरेच्या आजारानं त्याची बोटं बधिर झाली. पीठ काय, राख काय, चिमटीत सारखंच. त्यानं कुणाला सांगितलं नाही. घरी भाकरी कडेनं फुटायला लागली, तेव्हा बायकोला, गोजरबाईला, शंका आली.

"पीठ रफ पडून राह्यलंय," ती म्हणाली. "हात दाखवा."

तिनं बोटाला करकचून चिमटा काढला. तो तिच्याकडे नुसता बघत राहिला.

"लोकायला कळलं तं कोणी दळण आणणार न्हाई," तो म्हणाला.

"मंग मी येते."

दुसऱ्या दिवसापासून ती गिरणीत गहू निवडत बसली. पीठ पडायला लागलं की उठून चिमूट घ्यायची. रफ असलं की खोकायची. कचरू चाक आवळायचा. दळण आणणाऱ्या बायकांना वाईट वाटलं. कुणी अडुळसा आणला, कुणी ज्येष्ठमध. गोजरबाईनं सगळं निमूट घेतलं.

एकदा गिरणीत चारचौघी असताना, गल्लीतल्या पुष्पाबाईची ज्वारी दळताना गोजरबाईला खरंच ठसका लागला. थांबेना. कचरूनं चाक आवळलं. आणखी आवळलं. पीठ तापलं, करपल्याचा वास सुटला.

पुष्पाबाईनं पिठाला हात लावला. "कचरूभाऊ, सोडा ते चाक. आज तिला खरा खोकला आलाय."

कचरूचा हात चाकावरच राहिला. "तुम्हाला माहीत व्हतं?"

"साऱ्या गल्लीला माहीत हाय. पीठ पडल्यावरच येतो, असा खोकला असतो का कुठं?"

"मंग अडुळसा कशाला आणला?" गोजरबाईनं डोळे पुसत विचारलं.

"तू येवढं खोकून राह्यली, आम्ही काय नुसतं बघत बसावं?"

कचरूनं चाक सैल सोडलं. दगड निवले. मग गोजरबाईनं चिमूट घेतली आणि चारचौघींत पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाली, "रफ हाय."

"किती?"

"माझ्या भावाइतकं न्हाई."

कचरूनं चाक जरासं आवळलं.