संत्र्याच्या सालीचा वास

बिअरवर लिहितोय म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, आता कोणीतरी झिंगून पडणार. कोणी पडलं नाही. मी जळून खाक झालो, तेही पूर्ण शुद्धीत.

नित्या माझा शाळेतला बाकावरचा दोस्त. पुण्यात त्याच्या घरी आम्ही चौघं जेवायला जमलो होतो. त्यानं क्राफ्ट बिअर ग्लासात तिरकी ओतली, हुंगली आणि म्हणाला, “संत्र्याच्या सालीचा वास येतोय बघ.” मला बिअरचाच आला. मागे गाणं इतकं हळू चालू होतं, की पापड मोडलेलाही ऐकू येत होता. आमच्या गावात गाणं लागलं की शेजाऱ्याचे पत्रे थरथरतात. ह्याला असं हळू जगायला कुणी शिकवलं? आणि मला का नाही?

शाळेत आम्हा दोघांनाही ‘ण’ म्हणता यायचा नाही. मी ग्लास हुंगला आणि थेट तेव्हाच्या नित्याचा आवाज काढला, “सर, पानी प्यायला जाऊ?”

सगळे हसले. नित्या सोडून.

त्यानं मला स्वयंपाकघरात ओढत नेलं. रागात त्याचा ‘ण’ पुन्हा हरवला होता, आणि मला मेल्याला ते गाण्यापेक्षा गोड लागत होतं.

“चार मानसांत माझी लाज काढतो व्हय रे? आता गप मानसासारखा जेव!”