निंबापाशी थांबणारी गाडी

जळगावच्या मेहरूणमध्ये तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला हबीब मिस्त्रीचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, पुढे एक खड्डा, आत तेलाचा वास. पाटीबिटी काही नाही. पाटी वाचून येणारं गिऱ्हाईक टिकत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि हबीबशी वाद घालायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. माणूस तुसडा. पण लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनाला टेकवून, मूठ कानाशी धरून त्याने डोळे मिटले की त्याच्याइतका मवाळ माणूस शोधून सापडायचा नाही. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन म्हणजे त्याच्या लेखी एका घरातली चार भावंडं. एक रुसलं की बाकीच्या तिघांना धाप लागते. कोण रुसलंय ते ऐकायचं आणि सांगून टाकायचं. चेन सैल झाली, कॉइल गेली, रिंगा झिजल्या, इंजिन ऑइल पितंय. जे असेल ते तोंडावर. घरी बायकोला, शहनाजला, तो एखादवेळी थाप मारेल. पण इंजिनाबद्दल खोटं बोलायचं नाही, हे उस्तादाने कान पिळून शिकवलेलं.

उन्हाळ्याच्या ऐन भरात देवचंदभाऊ गाडी घेऊन आले. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर होऊन जळगावात राहिलेले, मोजकं बोलणारे, एवढ्या उकाड्यातही शर्टाची वरची गुंडी लावलेली. गाडी बाराशे सीसीची, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, लख्ख पुसलेली.

"बंद पडते," ते म्हणाले. "जामनेरला लेकीकडे जाताना. नेरीच्या अलीकडे एक निंब आहे, बरोबर त्याच्यापाशी. अर्धा तास उभी राहते, मग काही झालंच नाही अशी सुरू होते."

"गावात?"

"गावात कधीच नाही."

"परत येताना?"

"तेव्हा ऊन उतरलेलं असतं. तेव्हा नाही पडत."

आधीच्या गॅरेजवाल्यांनी पेट्रोलचा पंप बदलला होता, प्लग बदलले होते, कॉइल बदलली होती. स्कॅनर लावून पाहिला तर त्यात काही दिसेना. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. हबीबला हसू आलं. देवचंदभाऊ हसले नाहीत.

"त्या निंबापाशीच माझा राकेश गेला," ते म्हणाले. "गाडी त्याचीच. पंक्चर झाली म्हणून चाक बदलायला उतरला होता. ट्रकने उडवलं. गाडीला ओरखडासुद्धा नाही." त्यांनी वरची गुंडी चाचपली. "आम्ही बुद्धाची माणसं, हबीबभाई. भूतबित मानत नाही. शेजारचे म्हणतात, पोरगा हात धरून थांबवतो तुम्हाला. मी हसण्यावारी नेतो. पण स्टिअरिंग हातात असताना गाडीचा आवाज एकदम जातो ना, तेव्हा मागच्या सीटकडे वळून बघायचं माझं धाडस होत नाही."

हबीबने बॉनेट उघडलं. मग विषय बदलावा म्हणून देवचंदभाऊंनीच कोपऱ्याकडे पाहिलं.

"ते चादरीखाली कुणाचं इंजिन आहे?"

"कुणाचं नाही," हबीब म्हणाला.

इंजिनाबद्दल हे त्याचं पहिलं खोटं. ते इंजिन आवेजचं होतं, त्याच्या धाकट्या भावाचं. आवेज ते उघडून पुन्हा जोडत होता. तीन पिस्टन बसवून झाले, चौथा उद्या बसवू म्हणून हात धुऊन घरी गेला, तो तापाने फणफणला आणि आठवडाभरात मातीआड झाला. चौथा पिस्टन अजून त्याच्याच फडक्यात गुंडाळलेला आहे. हबीबला तो बसवणं जमलं नाही आणि इंजिन भंगारात देणंही जमलं नाही. घरात आवेजचं नाव निघत नाही. शहनाजने सुरुवातीला काढून पाहिलं, तर हा भरल्या ताटावरून उठून जायचा. मग तिनेही नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हबीब एकटाच ती गाडी घेऊन निघाला. सीट पार मागे सरकवलेली होती. देवचंदभाऊ बुटके, ते पाठीशी उशी घेऊन, पाय ताणून चालवायचे, पण पोराने लावलेली सीट त्यांनी हलवली नव्हती. हबीब उंच. उशी काढून बसला तर सीट त्याच्या अंगाला बरोबर बसली, आरसाही बरोबर लागला. मेलेल्या पोराच्या मापाचे निघालो आपण, असं त्याच्या मनात आलं.

जळगाव मागे पडलं. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना केळीची पानं उन्हाने करपून फाटलेली. चारही भावंडं गुण्यागोविंदाने चालली होती आणि हबीबचे कान त्यांच्यात होते. समोर निंब दिसला. आणि आवाज गेला.

आचका नाही, खोकला नाही. कुणी किल्ली फिरवावी तसा गेला. गाडी घरंगळत, खडी चिरडत निंबाच्या सावलीत येऊन उभी राहिली. पण हबीबने पाहिलं होतं, गाडी गिअरमध्ये सरकत होती, म्हणजे इंजिन फिरत होतं, तरी आरपीएमचा काटा शून्यावर झोपला होता. रोग त्याला तिथेच कळला. क्रँक सेन्सर. अंगठ्याएवढी वस्तू. इंजिन फिरतंय की नाही हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगायचं एवढंच तिचं काम. तापली की ती मुकी होते, आणि ती मुकी झाली की कॉम्प्युटर ठिणगी देत नाही आणि पेट्रोलही देत नाही. निवली की पुन्हा बोलू लागते. जळगावातून निघून ती पुरती तापायला जेवढा रस्ता लागतो, तो निंबापाशी संपतो. बस. यात भुताचा काय संबंध?

असं तो मनाशी म्हणाला. मग मोठ्यानेही म्हणाला. पण बॉनेटखाली निवणारं लोखंड टिकटिक करत होतं आणि हबीबचे कमनशिबी कान ते मोजायला लागले. टिक, टिक, टिक. चौथी नाही. पुन्हा तीन. चौथी नाही. मागच्या सीटवर कुणीतरी बसलंय आणि चौथीची वाट बघतंय, असं त्याला ठाम वाटलं. "आवेज," तो म्हणाला. किती वर्षांनी हे नाव आपल्या तोंडून निघालं, ते त्याला आठवेना. घाईघाईने उतरून त्याने बाटलीतलं पाणी सेन्सरवर ओतलं, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. एकदाही मागे न बघता तो गॅरेजवर परत आला.

सकाळी तो नवा सेन्सर हातात घेऊन बसला होता, तेवढ्यात रिक्षातून देवचंदभाऊंची बायको उतरली. रुक्माबाई. एकट्याच आल्या होत्या. माहेर धुळ्याकडचं, बोली अजून तिकडचीच.

"सापडनं का?" त्यांनी विचारलं.

"सापडलं, अक्का. छोटा पार्ट आहे. आता कधी बंद पडणार नाही."

"मंग नका बदलू."

म्हातारी भुताच्या नादी लागली, असं हबीबला वाटलं. त्याने समजवायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "माले समदं समजस, भाऊ. ती मशीननी खोड शे. मन्हा राकेश नही."

मग त्या खालच्या आवाजात सांगत गेल्या. राकेश गेल्यापासून घरात त्याचं नाव नाही. फोटो देवचंदभाऊंनी कपाटात ठेवून दिला. रुक्माबाईंनी विषय काढला की ते चपला घालून बाहेर पडतात. फक्त निंबापाशी गाडी बंद पडली की त्यांना जायला जागा नसते. चहूकडे ऊन असतं, दोघं गाडीत अडकतात, आणि त्या अर्ध्या तासात हा माणूस बोलतो. राकेश सायकलवरून कसा पडला होता, शाळेला कशी दांडी मारायचा, सगळं. गाडी सुरू झाली की तोंडाला पुन्हा कुलूप.

"तेवढा येळ मन्हा पोऱ्या घर येस," त्या म्हणाल्या. "तेवढा येळबी हिसकी लेतस का तुम्ही?"

चपला घालून बाहेर पडणारा तो माणूस त्याच्या चांगला ओळखीचा होता. पण ज्या गाडीचा रोग कळलाय ती तशीच रस्त्यावर सोडायची कशी?

"अक्का," तो म्हणाला, "भर रस्त्यात बंद पडली आणि मागून ट्रक आला तर? एकदा गेलाय एक जण."

रुक्माबाईंनी पदर सावरला. मग त्या रिक्षात जाऊन बसल्या. हबीबने सेन्सर बसवला. बोल्ट आवळताना तो शिव्या देत होता, आणि त्या कुणाला देत होता हे त्याला विचारायची कुणाची छाती नव्हती.

रविवारी दुपारी तो दोघांना घेऊन ट्रायलला निघाला. तो स्टिअरिंगवर, देवचंदभाऊ शेजारी, रुक्माबाई मागे. आरशात त्याला दिसत होतं, अक्कांची नजर त्याच्या मानेवर खिळलेली होती. त्या सीटवर, त्या उंचीवर त्यांना काय दिसत असेल, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने नजर रस्त्यावर ठेवली.

निंब आला. इंजिन चालूच. देवचंदभाऊंनी दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरली होती. झाड खिडकीशी आलं तसा त्यांनी श्वास सोडला. "नाही पडली," ते म्हणाले. आरशात रुक्माबाईंनी डोळे मिटून घेतले.

हबीबने इंडिकेटर दिला, गाडी रस्त्यापासून चांगली आत, केळीच्या बांधापर्यंत नेली आणि किल्ली फिरवली.

"काय झालं?" देवचंदभाऊंनी दचकून विचारलं.

"इंजिन गरम झालंय," हबीब म्हणाला. "थोडा वेळ थांबू."

देवचंदभाऊंनी समोर पाहिलं. किल्ली पुरती फिरली नव्हती आणि तापमानाचा काटा अजून दिसत होता, बरोबर मधोमध, जिथे असायला हवा तिथेच. उभा जन्म कारखान्यात काटे वाचण्यात गेलेला माणूस, त्याला काय कळणार नाही? ते बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिले. मग मागे वळले. या रस्त्यावर ते पहिल्यांदाच मागे वळून बघत होते. मागे भूत नव्हतं, त्यांची बायको रडत बसली होती.

"कारलं लपवायचा," देवचंदभाऊ म्हणाले. "वाटीखाली. आठवतं तुला?"

हबीब दार उघडून निंबाखाली जाऊन उभा राहिला. गाडीतून दोघांचे आवाज येत होते, कधी एकाचा, कधी दोघांचा, मध्येच हसल्यासारखा. तो ते ऐकत नव्हता असं म्हणता येणार नाही. त्याचे कानच तसे. बऱ्याच वेळाने देवचंदभाऊ उतरून त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"हबीबभाई, ते चादरीखालचं इंजिन कुणाचं आहे?"

चहूकडे ऊन होतं. जायला जागा नव्हती.

"आवेजचं," हबीब म्हणाला. "माझ्या धाकट्या भावाचं. एक पिस्टन बसवायचा राहिलाय." एवढं बोलला आणि लगेच गाडीकडे वळून म्हणाला, "चला, निघू या."

देवचंदभाऊंनी त्याचा दंड धरला आणि त्याला निंबाच्या मुळावर बसवलं. स्वतःही शेजारी बसले.

"इंजिन अजून गरम असेल," ते म्हणाले. "कसा होता आवेज?"