बिबच्या मागचा नंबर

बोरिवलीच्या गंधाली सबनीसला धावण्याचा मनस्वी तिटकारा होता. नवरा, केयूर, पहाटे बूट घालून नॅशनल पार्कात पळायला निघाला की ती पांघरुणातूनच ओरडायची, "अरे, मागे लागलंय तरी कोण तुझ्या?" विमा कंपनीत आठवडाभर लोकांच्या मृत्यूचे दावे तपासणारी बाई ती. रविवारी तिला फक्त झोप हवी असायची.

आणि आज हीच बाई, पन्नाशीला टेकलेली, उद्याच्या फुल मॅरेथॉनसाठी दिवेलागणीलाच दहीभात खाऊन मोकळी झाली होती. बेचाळीस किलोमीटर! हौस कसली डोंबलाची? मागच्या जानेवारीत केयूर ह्याच शर्यतीत पेडर रोडच्या चढावर कोसळला आणि गेला. तेव्हापासून तिनं डोक्यात घेतलं होतं, तो चढ पार करायचा आणि त्याचं राहिलेलं अंतर पुरं करायचं. मुलगी सई कॅनडातून फोनवर भांडली, रडली. गंधाली ढिम्म हलली नाही.

तिची वर्षभर तयारी करून घेतली प्रबुद्ध ओव्हाळनं. केयूरचा धावण्यातला जोडीदार. रोज पहाटे तो पार्काच्या गेटवर हजर असायचा, एकदाही चुकला नाही. मित्र असावा तर असा, असं ती चार जणांत सांगायची.

खरं तर मागच्या वर्षी केयूर धावला तो प्रबुद्धच्या बिबवर. बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद. केयूरचं नाव नोंदवायचं राहून गेलं होतं, इकडे प्रबुद्धची टाच दुखावली. मग फुकट कशाला घालवायचा, म्हणून त्यानं आपला बिब मित्राला देऊन टाकला. नियमात बसत नाही, पण सर्रास चालतं. त्यामुळे हॉस्पिटलात केयूरला सगळे प्रबुद्ध म्हणूनच हाका मारत राहिले. गंधालीला कळलं दुपारी, पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. नर्स म्हणाली, बराच वेळ शुद्धीवर होते, मास्कमुळे बोलता येत नव्हतं, दाराकडे बघत होते. त्या एका वाक्यानं तिचं वर्ष खाल्लं होतं. पण दोष कुणाला देणार? ह्याची बायको कोण, हे तिथे कुणाला ठाऊकच नव्हतं, असं तिनं मनाला समजावलं होतं.

प्रबुद्ध समोर बसून उद्याचं सांगत होता. "वहिनी, पहिले दहा किलोमीटर लोक सुसाट सुटतील. आपण नाही. आठ मिनिटांच्या आत एकही किलोमीटर नको. मी तुमच्या बाजूलाच असणार. टार्गेट सहा तासांचं. नाही जमलं तर साडेसहा. तेही नाही, तर नुसतं पुरं करायचं."

"मला फक्त तो चढ हवाय."

"चढावर चालायचं. पळायचं अजिबात नाही. पाणी दर स्टॉलला, तहान नसली तरी."

"बरं बाबा." तिनं बिब उलटा केला. मागे नाव, रक्तगट आणि घरच्या कुणाचा तरी फोन नंबर भरायचा होता. तिनं प्रबुद्धचा नंबर लिहायला घेतला. "तुझाच टाकते. सई तिकडे सातासमुद्रापार. आणि तू फोन उचलणार, ह्याची मला खात्री."

प्रबुद्धचा चेहरा खर्रकन उतरला. "माझा नको, वहिनी."

"का रे?"

"त्या दिवशी फोन आला होता. आमच्याकडे." तो खाली बघून बोलत होता. "बिबच्या मागे आमच्या हिचा, संघमित्राचा नंबर होता ना. तुमचे मिस्टर पडलेत म्हणाले. मी तिच्यासमोर पोहे खात बसलो होतो. ती हसली, तिनं कट केला. परत आला तेव्हा मीच घेतला, फ्रॉड आहे म्हणून शिव्या घातल्या आणि ब्लॉक केला."

"तुला माहीत होतं, तुझ्या नावावर कोण धावतोय ते."

"थोड्या वेळानं डोक्यात आलं. केयूरला फोन लावला, उचलेना. मग... बिबचं बाहेर आलं तर दोघांवर बंदी येईल म्हणून तुम्हाला नाही कळवलं. चक्कर-बिक्कर असेल, स्वतःच जाऊन घेऊन येऊ, असं वाटलं. मी पोचलो तेव्हा..."

म्हणजे केयूर दाराकडे बघत होता, तेव्हा हा पोहे खात होता. आणि ती स्वतः घरी, केयूर आला की गरम वाढायचं म्हणून भाकऱ्या थांबवून बसली होती. अस्सा राग आला तिला, की समोरचा पाण्याचा तांब्या त्याच्या डोक्यात घालावा. वर्षभर हा माणूस रोज पहाटे तिच्या बाजूने धावला आणि एका शब्दानं बोलला नाही!

"मी उद्या येत नाही," प्रबुद्ध उठला. "तुम्हाला माझं तोंड बघवणार नाही."

"बस खाली."

तो बसला. तिनं मोबाइल घेतला, एकेक नाव बघत गेली. नणंद दापोलीला. ऑफिसातली ऋता, रविवारी फोन बंद ठेवणारी. शेजारचे परीट, ऐकू कमी येणारे. एवढ्या मोठ्या मुंबईत, हाक मारली तर धावत येईल असं दुसरं माणूस तिला सापडलं नाही. ती ढसाढसा रडली, त्याच्यासमोरच. मग पेन उचललं आणि त्याचा नंबर पुरा केला.

"उद्या तू धावायचं नाहीस," ती म्हणाली. "मी एकटी जाईन. तू घरी बसायचंस, पहाटेपासून, फोन हातात धरून. आणि वाजला, तर उचलायचास."