नळाच्या पाण्याने भरलेले घडे

गोराईची होडी बोरिवलीच्या धक्क्यावरून सुटली, तेव्हा आईने माझा दंड घट्ट धरला.

"रोज ह्या पाण्यातनं जातीस?"

"रोज दोनदा. लगेच येतो गं पलीकडचा काठ."

"सुजीला पवाय येत न्हाई," ती म्हणाली.

सुजी म्हणजे माझी धाकटी बहीण सुजाता. तिला बोरिवलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि ती गोराईला माझ्याच भाड्याच्या खोलीत राहणार होती. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. दुसरी तिची व्हावी अशी माझी फार इच्छा. पण आईने सांगितलं होतं, "जागा डोळ्यानं बघीन, मगच पोरीला धाडीन." त्यासाठी ती आटपाडीहून आली होती.

पलीकडे उतरलं की वेगळंच गाव लागतं. ताडाची झाडं, वाळत घातलेले बोंबील, वळणावर झेंडूची माळ घातलेला क्रूस. आपल्याकडे मुंबई म्हटलं की लोकांना उंच इमारती आठवतात. मी राहते ती मुंबई बैठ्या कौलारू घरांची आहे. माझी घरमालकीण मार्थाबाई ईस्ट इंडियन (इथल्या जुन्या, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांपैकी). नोकरीला आले त्या पावसाळ्यात तापाने पडले होते, तेव्हा पेज घेऊन उशाशी तीच बसली होती. आता तिच्या मुलाचं लग्न होतं आणि अंगणात मांडव पडला होता.

सकाळी नळाच्या आवाजाने जाग आली. आई केव्हाच उठली होती. बादली, कळशी, कुकर, चहाचं पातेलं, सगळं काठोकाठ भरलेलं. आमच्या गावी आठवड्यातून एकदा नळ येतो. इथे रोज येतो, हे मी तिला सांगितलं होतं. तिला ते खरं वाटलं नव्हतं. खोलीतली भांडी संपली म्हणून तिने मांडवातले रंगवलेले घडेही भरून ठेवले होते.

लाल लुगडं नेसून मार्थाबाई बाहेर आली आणि जागीच थांबली.

"अगो बाय! यान पानी कोनी भरलं?"

"मी," आई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. "नळ आलता. तुमी झोपला हुता."

मार्थाबाई पायरीवर बसली. ते घडे उंबराच्या पाण्यासाठी होते (लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत आणतात ते नवरदेवाच्या अंघोळीचं पाणी). ते रिकामे न्यायचे आणि भरून आणायचे. बँडवाले फाटकाशी येऊन उभे होते.

"माझे पोराचं लगीन, आन तुझे आयशीन नळाचं पानी भरलं!" ती मला म्हणाली. सुजीची खोली गेली, असंच मला वाटलं.

आईने विचारलं, "हिरीला पानी न्हाई का मग?"

"हाय तर! बारा महिने हाय."

"मग वाजंत्री कशाला?"

"पानी आनाया!"

आई थोडा वेळ बँडकडे बघत राहिली. मग एकेक घडा उचलून तिने नारळांच्या आळ्यात रिकामा केला, वाटेवर थेंब न सांडता. मार्थाबाईने शेवटचा घडा तिच्या हातून घेतला, पुसला आणि चुंबळ तिच्या डोक्यावर ठेवली.

"चल. भरलंस तू, आता आनशील पन तूच."

बँडच्या मागे बायका नाचत निघाल्या. येताना सगळ्यांचे हात घड्याला. आईचे दोन्ही हात मोकळे. "हिची मान बघ गो!" कोणीतरी ओरडलं. आई लाजली, पण चाल बदलली नाही.

दुपारी तिने मार्थाबाईचे फुगे (मैद्याचे, आंबवून तळलेले गोळे) चहात बुडवून खाल्ले. "आमच्यात टँकरला कुनी बँड लावत न्हाई," ती म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. सुजीबद्दल मात्र एक शब्द नाही. माझा जीव टांगणीला.

लग्न लागल्यावर मी आईला बोरिवलीला पोचवायला गेले. खाडी ओलांडताना तिने दंड धरला नाही. एसटीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "सुजीला होडीत मधी बसवायचं. काठाला न्हाई."

"म्हणजे धाडतेस?"

"मार्थाबाईला सांगून आलीया मी. तुला सांगायचं ऱ्हायलं."

एकटीच परतले. या गावाने मला ठेवून घेतलं, याचं नवल मला अजून वाटतं. खोलीचं दार उघडलं, तर निघायच्या आधी आईने पुन्हा सगळं भरून ठेवलं होतं, अगदी चहाच्या कपांपर्यंत. नळ सकाळी येणारच होता. तरी त्यातलं काहीच मी ओतून दिलं नाही.