झऱ्यावरची पद्धत

महाडच्या कॉलेजात आम्हाला ‘माझ्या गावाचा इतिहास’ असा प्रकल्प दिला होता. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे असलं काही कसं लिहायचं ते सांगणारं घरी कोणी नाही. तरी मी मनापासून लिहिलं.

आमचं गाव पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. घराघरात नळ आहेत, पण होळीनंतर त्यांना पाणी येत नाही. मग सगळे झऱ्यावर. आम्ही वरच्या वाडीतले झऱ्याच्या खड्ड्यात उतरून तांब्याने हंडे भरतो. खालच्या बौद्धवाडीतल्या बायका हंडे लांब ठेवून उभ्या राहतात. आमचं झालं की आमच्यातलीच कोणीतरी वरून त्यांच्या हंड्यात पाणी ओतते. भांडण नाही, शिवीगाळ नाही. आई म्हणते, पद्धत आहे.

हेही मी लिहिलं होतं. रात्री जेवताना बाबांना वाचून दाखवलं. ते हात धुऊन आले आणि म्हणाले, “तुला शिकाया पाठवली ती गावाची लाज काढाया नाय. असलं लिवायचं असल तर उद्यापासून घरात बस.”

मी ते पान फाडलं. त्या जागी देवळाच्या जीर्णोद्धाराची माहिती घातली. मुखपृष्ठावर चवदार तळ्याचा फोटो लावला. तो मार्चमध्ये मी आणि माझ्या मैत्रिणीने तळ्याच्या पायऱ्यांवर काढला होता. ती बौद्धवाडीतली. पाचवीपासून आम्ही एकाच एसटीने जातो, एका डब्यात जेवतो. डबा नेहमी शाळेत, कॉलेजात उघडतो. गावात कधी नाही. हे आत्ता लिहिताना माझ्या लक्षात आलं.

तिने तिच्या प्रकल्पात झऱ्याबद्दल लिहिलं होतं. सगळं, जसं आहे तसं.

सरांनी दोघींचे प्रकल्प वर्गात समोर ठेवले. “गाव एकच, आणि हिच्या झऱ्याचा तुझ्यात पत्ताच नाही,” ते मला म्हणाले. “हे खरं आहे का?”

ती माझ्याकडे बघत नव्हती. वहीच्या कोपऱ्याची घडी घालत होती. तिला खात्री होती, मी हो म्हणेन.

मी म्हणाले, “पूर्वी असेल, सर.”

सरांनी तिला सांगितलं, जुन्या गोष्टी लिहिताना काळ नमूद करावा. ती बरं म्हणाली.

महाडहून परत येताना एसटीत आम्ही शेजारीच बसलो. पोलादपूरला उतरताना ती म्हणाली, “पूर्वी म्हंजे कधी गो? आज सकाळी?”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आईबरोबर झऱ्यावर गेले. माझी मैत्रीण तिच्या आईशेजारी हंडा ठेवून उभी होती. खड्ड्यात आमच्याशिवाय कोणी नव्हतं, पाणी तळाला चमकत होतं. ‘ये’, एवढा एकच शब्द लागत होता. आईने तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “आपला भर आधी, एसटी चुकल.”

मी भरला. मग वर येऊन तिच्या हंड्यात पाणी ओतलं, वरून, धार लांब धरून. तिने हंडा सरळ धरला होता. एक थेंबही बाहेर सांडला नाही. दोघींनाही सवय आहे.