नळीच्या तोंडाला कुंकू

हसणार असाल तर हातातला चहा आधी संपवून घ्या. ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

त्या आठवड्यात माझी झोप उडाली होती. विमान पडेल म्हणून नव्हे, ती भीती चार महिन्यांत जुनी झाली होती. भीती होती ओवीची. माझ्या या सहा वर्षांच्या लेकीने जळगावातल्या तिच्या अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं होतं, की शनिवारी माझी आई एकटी विमान उडवणार. आणि नाहीच उडालं तर? सोमवारी पोरीने कोणत्या तोंडाने शाळेत जायचं?

तुम्ही म्हणाल, बाई, मुळात या फंदात पडलीस कशाला? तर मी आठ वर्षं ठिबक सिंचनाच्या एका छोट्या कारखान्यात होते. काम एकच, नळ्या तपासायच्या. मग ऑर्डरी आटल्या, माणसं कमी व्हायला लागली. माझ्या मैत्रिणींनी शिक्षकभरतीचे फॉर्म भरले. मी एकतिसाव्या वर्षी धुळ्याला विमान शिकायला गेले. शहाणी बाई असं करत नाही, हे मलाही माहीत होतं.

शनिवार उजाडला. सकाळी विमान शिकवणाऱ्या सरांसोबत दोन फेऱ्या झाल्या. सर उतरले आणि म्हणाले, "आता तू एकटी." मी यादी घेऊन सगळं विमान नव्याने तपासलं, एकेका ओळीवर खूण केली. तेवढ्यात माझे सासरे, रावेरचे आबा, हजर. एका हाताला ओवी, दुसऱ्या हातात पूजेचं ताट, आणि मागे रिक्षात केळीचा घड.

"नवं वाहन पूजेबिगर कसं काढशीन व माय?"

"आबा, विमान नवं नाही. माझ्याहून म्हातारं आहे."

"तुह्यासाठी तं नवंच आहे ना."

मी सरांकडे बघितलं. सरांनी दोन मिनिटं दिली. मी आबांना बजावलं, "फक्त पुढच्या पंख्याजवळ जायचं नाही. बाकी कुठंही लावा." आणि सही करायला ऑफिसात गेले. परत आले, आबांच्या पाया पडले, विमानात बसले. पुन्हा तपासलं का? कशाला तपासायचं, खुणा झाल्या होत्या ना.

धावपट्टीवर विमान सोडलं. वेगाचा काटा चढत जातो आणि ठरलेल्या आकड्याला नाक उचलायचं, असा नियम. बाहेर गवत, कुंपण सगळं सपासप मागे पळत होतं. काटा मात्र शून्यावर.

क्षणभर वाटलं, उचलून टाकावं. ओवीचा सगळा वर्ग डोळ्यांसमोर बसला होता. पण हात आपोआप मागे आला. इंजिनाचा जोर काढला, ब्रेक दाबले.

रेडिओवर सर. "काय झालं?"

"सर, वेग शून्य आहे."

"आम्हाला तर तू पळताना दिसलीस."

"मलाही तसंच वाटलं, सर. पण काटा नाही म्हणतोय."

इकडे कुंपणापाशी टाळ्या. आबांना वाटलं, झालं, उडाली. त्यांनी केळी वाटायला सुरुवात केली. मी परत येईपर्यंत वॉचमनची दोन खाऊन झाली होती. त्याने माझं अभिनंदनही केलं. मेकॅनिक तिसरं केळं संपवतच पंखाखाली वाकला.

तिथे बोटाएवढी एक नळी असते. तिच्यात वारा शिरतो, त्यावरून काट्याला वेग कळतो. आज वाऱ्याला शिरायला जागाच नव्हती. तोंडाला ओलं हळदकुंकू थापलेलं, आणि भोकात बरोब्बर बसलेला अक्षतेचा एक दाणा.

"आबा, हे काय?"

"काय म्हंजे? बोअरची नवी नळी टाकली का पह्यलं कुंकू नळीच्या तोंडालेच लावतो ना आपण? तूच तं म्हने, कुठंही लावा."

सरांनी तो दाणा बोटावर घेतला. "तू आधी काय काम करायचीस?"

"नळ्या चोंदल्यात का ते तपासायचे, सर."

सरांनी दाणा माझ्यापुढे धरला. "किती वर्षं?"

"आठ."

माझं पायलटपण इथेच संपलं, असं मी मनातल्या मनात धरूनही टाकलं. शिक्षकभरतीची मुदत कधी संपते, तेही आठवून झालं.

सर म्हणाले, "विमानाला कुणी हात लावला की पुन्हा तपासायचं. चूक तुझी, आबांची नाही. पण काटा हलला नाही आणि तू थांबलीस. भल्याभल्यांना ते सुचत नाही. नळी साफ होऊ दे, मी एक फेरी मारून खात्री करतो. मग तू जा."

आणि मी गेले. काटा चढला, नाक उचललं, धुळं खाली राहिलं. वरून ट्रक मुंग्यांसारखे दिसतात म्हणे. नाही हो, आग्रा रोडवरचे ट्रक ट्रकसारखेच दिसतात, फक्त त्यांचे हॉर्न ऐकू येत नाहीत. इकडे पांझरा नदी, तिकडे लळिंगचा किल्ला. शेजारची सीट रिकामी. सूचना द्यायला शेजारी कुणीच नाही, असं एकतीस वर्षांत पहिल्यांदाच होत होतं. उतरताना विमानाने एक उडी मारली, पण बारकी.

पहिल्यांदा एकट्याने उडून आलेल्याच्या अंगावर पाणी ओतायची तिथे रीत आहे. सरांनी एक बादली ओतली. आबांनी दुसरी, आणि तीही मापात नाही. मी तशीच निथळत ओवीपाशी धावले, गुडघ्यावर बसले.

"पाहिलंस ना? आई एकटी उडाली."

ओवीने केळं संपवलं. सालीकडे बघत नीट विचार केला.

"पहिल्या वेळचं जास्त छान होतं," ती म्हणाली. "तेव्हा तू दिसत होतीस."